पितरांचं पान, पोरांचा खाऊ: दिया दे मुएर्तोसची घरगुती तयारी

मेक्सिको सिटीत आमचा पहिलाच ऑक्टोबर होता. मुलीच्या बालवाडीतून चिठ्ठी आली: घरातल्या कुणा गेलेल्या माणसाचा फोटो पाठवा, आणि त्यांना जे खायला आवडायचं ते थोडंसं डब्यात द्या. चिठ्ठी मी दोनदा वाचली. आपल्याकडे पाच वर्षांच्या मुलासमोर मरणाचा विषय निघाला की मोठी माणसं आवाज खाली आणतात. मी माझ्या वडिलांचा फोटो दिला आणि डब्यात भडंग भरला. दुपारी ती दारातूनच विचारत आत आली, "आई, आजोबांना अजून काय काय आवडायचं?" ती जन्मण्याआधीच ते गेले. तोवर भिंतीवरच्या फोटोपलीकडे ते तिच्यासाठी कुणीच नव्हते.

त्या प्रश्नापासून आमच्या घरी दिया दे मुएर्तोस, म्हणजे गेलेल्या माणसांची आठवण काढायचा हा मेक्सिकन सण, सुरू झाला. नोकरीनिमित्त मेक्सिकोत नव्याने आलेल्या, किंवा अमेरिकेत मेक्सिकन शेजारात राहणाऱ्या मराठी घरांना दरवर्षी हाच प्रश्न पडतो, की मुलं शाळेतून हा सण घरी घेऊन येतात, तर आपण नक्की करायचं काय? स्वयंपाकघरातून सुरुवात करा. माझ्या अनुभवात तोच सर्वांत सोपा आणि खरा रस्ता आहे.

सण काय आहे, एवढं आधी

मुख्य दिवस दोन, १ आणि २ नोव्हेंबर. १ तारखेला लहान वयात गेलेली मुलं घरी येतात अशी श्रद्धा आहे. त्यांना 'आन्हेलितोस' म्हणतात, म्हणजे छोटे देवदूत. २ तारीख मोठ्यांची. त्यांच्या स्वागतासाठी घरात जी मांडणी करतात ती 'ओफ्रेंदा': फोटो, मेणबत्त्या, झेंडूची फुलं, पाणी, मीठ, कोपाल नावाच्या डिंकाचा धूप आणि भरपूर खाणंपिणं. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत हा सण २००८ पासून आहे.

याला हॅलोवीन म्हणू नका. तारखा चिकटून असल्या तरी इथे कुणी कुणाला घाबरवत नाही. आपली माणसं लांबचा प्रवास करून येणार आहेत, थकलेली असतील, तहानलेली असतील, म्हणून पाणी आधी ठेवायचं, ही त्यामागची भावना आहे. पितृपक्ष पाळलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. स्पॅनिशमध्ये 'पान' म्हणजे पाव, आणि आपल्याकडे पितरांना 'पान' वाढतात. दोन शब्दांचं नातं काहीच नाही, पण 'पान दे मुएर्तो' हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला थबकायला झालं होतं.

आपल्या श्राद्धासारखे सोवळ्याचे नियम मात्र इथे नाहीत. मुलांनी पीठ सांडावं, गाणी लावावीत, हसावं. ते सगळं चालतं.

पहिली पायरी: माणूस ठरवा, मग पदार्थ

साधारण २० ऑक्टोबरच्या सुमारास मुलांना घेऊन बसा आणि यंदा कुणाकुणाची आठवण काढायची ते ठरवा. खूप नावं नकोत. दोन-तीन माणसं पुरेत. प्रत्येकाच्या नावापुढे मुलांनी त्या माणसाच्या आवडीचा एक पदार्थ लिहायचा, आणि तो माहीत नसेल तर भारतात फोन करून विचारायचा. आमच्याकडे या फोनची मुलं वाट पाहतात. माझ्या आजीला गुळाच्या चहात खारी बुडवून खायला आवडायची, हे मला माझ्या मावशीनं माझ्या मुलाला सांगताना पहिल्यांदा कळलं.

नवखे लोक इथेच चुकतात असं मला वाटतं. ते इंटरनेटवर पाककृती शोधतात आणि मेक्सिकन पदार्थांची लांबच लांब यादी करतात. आमच्या शेजारच्या आजींना सगळी गल्ली 'आबुएला' म्हणते. त्यांच्या ओफ्रेंदावर नवऱ्यासाठी बिअरची एक बाटली, शेंगदाणे आणि त्याच्या आवडीच्या सिगारेटचं पाकीट असतं. बाकी सगळं नंतर. तेव्हा तुमच्या ओफ्रेंदावर भडंग, खारी, पुरणपोळी किंवा कांदाभजी खुशाल ठेवा. पुढचे मेक्सिकन पदार्थ त्यांच्या शेजारी येतील.

दुसरी पायरी: साखरेच्या कवट्या, आठ दिवस आधी

कवट्या वाळायला वेळ लागतो, म्हणून त्या सगळ्यांत आधी करायच्या. इथे त्यांना 'कालाबेरितास' म्हणतात, छोट्या कवट्या. कवटीच्या कपाळावर नाव लिहितात, गेलेल्या माणसाचं किंवा चक्क जिवंत मित्राचं. मुलीच्या वर्गातून तिच्या स्वतःच्या नावाची कवटी घरी आली तेव्हा मी दचकले होते. आबुएला म्हणाल्या, "तुझी मुलगी आम्हाला आपली वाटते, म्हणून तिचं नाव." तेव्हापासून आमच्याही घरी सगळ्यांच्या नावाच्या कवट्या होतात.

साखरेच्या या कामाला स्पॅनिशमध्ये 'अल्फेन्यिके' म्हणतात. तोलुका शहरात दरवर्षी याच नावाची मोठी जत्रा भरते. हा शब्द स्पॅनिशमध्ये अरबीतून आला, अरबीत फारसीतून आणि फारसीत संस्कृतच्या 'फाणित' या शब्दातून. फाणित म्हणजे आटवलेला उसाचा रस, आपली काकवी. इथले कारागीर गरम पाक मातीच्या साच्यात ओततात, कडेला थर धरला की उरलेला पाक परत काढून घेतात, आणि आत पोकळ कवटी तयार होते. गुढीपाडव्याच्या गाठी लाकडी साच्यात ओतताना पाहिलेल्या माणसाला हे काम ओळखीचं वाटेल.

घरी मुलांबरोबर गरम पाकाच्या वाटेला जाऊ नका. सोपी पद्धत अशी: ६०० ग्रॅम साधी साखर परातीत घ्या. त्यात ३ छोटे चमचे मेरँग पावडर (वाळवलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाची पूड) आणि ३ छोटे चमचे पाणी घालून हातानं चोळा. मेरँग पावडर नसेल तर पावडर आणि पाणी या दोन्हींऐवजी १ अंड्यातला पांढरा भाग घ्या. मूठ दाबल्यावर बोटांचे ठसे उमटले आणि आकार टिकला, की झालं. किल्ल्यासाठी कालवलेल्या ओल्या वाळूसारखं ते लागतं. कोरडं वाटलं तर पाणी चमच्यानं नाही, थेंबानं वाढवा. फार ओलं झालं तर कवटी साच्यालाच चिकटून बसते.

साचे सण जवळ आला की बाजारात सहज मिळतात. भारतात असाल तर छोट्या गोल वाट्यांचे साचे वापरा आणि डोळ्यांचे खळगे बोटानं करा. मिश्रण साच्यात घट्ट दाबून भरा, वरून पट्टीनं सपाट करा, त्यावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून उलटा करा आणि साचा अलगद उचला. पुठ्ठाच घ्या, कारण तो ओल शोषतो. स्टीलच्या ताटलीवर कवटीची खालची बाजू ओलीच राहते. रात्रभर वाळू द्या. मोठी कवटी असेल तर काही तासांनी उचलून मागून चमच्यानं थोडी कोरून घ्या, म्हणजे आतपर्यंत वाळते. पावसाळी दमट हवेत हे काम काढू नका. मुंबईच्या किंवा कोकणच्या ऑक्टोबरात पंख्याखाली दोन दिवस तरी धरून चाला.

रंगवण्यासाठी १ अंड्यातला पांढरा भाग, सुमारे २५० ग्रॅम आयसिंग शुगर आणि लिंबाच्या रसाचे काही थेंब एकत्र फेटून घट्ट आयसिंग करा. त्याचे भाग करून प्रत्येकात वेगळा खायचा रंग घाला. मग भरायचे ते आपल्या मेंदीच्या कोनासारखे कोन! घरात मेंदी काढणारं कुणी असेल तर त्यांच्या हाती कोन द्या. फुलं, वेलबुट्टी, डोळ्यांभोवती पाकळ्या, आणि कपाळावर नाव, देवनागरीत. कच्चं अंडं वापरलेल्या किंवा टिकल्या-चमकी चिकटवलेल्या कवट्या फक्त शोभेच्या. मुलांना हे आधीच सांगा, आणि चाटायला म्हणून साखरेच्या बाहुल्या किंवा बत्तासे वेगळे ठेवा.

बाजार

२५ तारखेच्या पुढे एक दिवस बाजारासाठी काढा. मेक्सिको सिटीत असाल तर हामाइका बाजारात मुलांना नक्की न्या. तिथे या दिवसांत झेंडूचे अक्षरशः डोंगर लागतात, त्यातला बराचसा झेंडू शहराच्याच दक्षिणेला सोचिमिल्कोत पिकतो. झेंडूला इथे 'सेंपासूचिल' म्हणतात. शब्द इथल्या मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेतला, अर्थ 'वीस फूल', पाकळ्यांची गर्दी असते म्हणून. आपण दसऱ्याला दारावर बांधतो तो झेंडू मूळचा इथलाच. माझी मुलगी त्या ढिगापुढे उभी राहून म्हणाली होती, "आई, इथे दसरा आहे!"

सामानाचे चार शब्द लक्षात ठेवा. 'पिलोनसियो' म्हणजे गूळ, शंकूच्या आकाराच्या ढेपीत मिळतो. भारतात असाल तर काळपट रंगाचा गूळ घ्या. 'आमारांतो' म्हणजे राजगिरा. 'कानेला' म्हणजे दालचिनी, इथली पातळ सालीची आणि मऊ असते. आणि 'मासा'चं पीठ, म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ. आपल्या दुकानात मिळणारं पांढरं कॉर्नफ्लोअर म्हणजे नुसता स्टार्च. त्याला या पिठाची चव येत नाही.

तिसरी पायरी: राजगिऱ्याची वडी, म्हणजे आलेग्रिया

हा पदार्थ मराठी घराला शिकवावा लागत नाही. 'आलेग्रिया' म्हणजे आनंद, आणि ती आपली राजगिरा चिक्कीच आहे. राजगिरा इथल्या मातीतला. स्पॅनिश लोक येण्याआधी अस्तेक लोक त्याचं पीठ गोड रसात मळून देवांच्या मूर्ती करत, आणि सणानंतर त्या मोडून सगळ्यांत वाटून खात. आजही बाजारात साखरेच्या कवट्यांशेजारी राजगिऱ्याच्या कवट्या विकायला असतात, डोळ्यांच्या जागी शेंगदाणे किंवा मनुका लावलेल्या. त्या मुलांना खाता येतात, म्हणून मला त्या जास्त आवडतात.

१०० ग्रॅम राजगिऱ्याच्या लाह्या घ्या. १२० ग्रॅम गूळ, २ मोठे चमचे मध, ३ मोठे चमचे पाणी आणि लिंबाच्या रसाचे काही थेंब मंद आचेवर ठेवा. पाण्यात थेंब टाकल्यावर त्याची घट्ट गोळी वळली की गॅस बंद करून लाह्या, भाजलेले शेंगदाणे आणि भोपळ्याच्या बिया त्यात मिसळा. इथवरचं काम मोठ्यांचं. गरम पाकाजवळ मूल नको. मिश्रण हाताला सोसेल इतकं निवलं, की तूप लावलेल्या वाट्या मुलांच्या हाती द्या आणि दाबायला सांगा. मिश्रण कडक होण्याआधी पाच-सात मिनिटं मिळतात, तेवढ्यात डोळे लावून घ्यायचे. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मधाचा कण देऊ नका.

चौथी पायरी: पान दे मुएर्तो

यासाठी अख्खी दुपार हवी, शक्यतो ३१ ऑक्टोबरची. गोल, मऊ, संत्र्याच्या वासाचा पाव, त्यावर हाडांसारख्या आडव्यातिडव्या पट्ट्या आणि मधोमध कवटीची गोळी. काही जण त्या गोळीला अश्रू म्हणतात. ओआहाकाकडे या पावात पिठाचा छोटासा रंगवलेला चेहरा खोचतात. पण घरोघरी दिसणारा पाव म्हणजे हाडांचाच, आणि मुलांना हाडं वळायला जेवढं आवडतं तेवढं दुसरं काहीच आवडत नाही.

परातीत ५०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम साखर, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि १ छोटा चमचा मीठ एकत्र करा. २ संत्र्यांची साल किसून घाला. फक्त केशरी भाग, आतला पांढरा कडू असतो. ३ अंडी आणि १३० मिलिलिटर कोमट दूध घालून भिजवा. नारिंगीच्या फुलांचं पाणी मिळालं तर त्याचा १ मोठा चमचा घाला, कारण याचा खरा वास तोच. नसेल तर थोडी बडीशेप पाण्यात उकळून ते पाणी दुधात मिसळा, इथेही पुष्कळ घरांत बडीशेपेसारख्या वासाच्या 'आनीस' बियांचा अर्क घालतात. पाच मिनिटं मळल्यावर १२० ग्रॅम मऊ लोणी थोडं थोडं घालत आणखी दहा-बारा मिनिटं मळा. सुरुवातीला पीठ हाताला चिकटतं आणि वाटतं, हे काही जमणार नाही. वरून मैदा ओतू नका! मळत राहा, ते हळूहळू परात सोडतं.

अंडं चालत नसेल तर तिन्ही अंड्यांऐवजी ८० मिलिलिटर दूध जास्त आणि ३ मोठे चमचे दही घाला. पाव थोडा कमी हलका होतो, चवीला छान लागतो. सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या तेव्हा मी असाच केला होता.

झाकून ठेवा, पीठ दुप्पट फुगेपर्यंत. पुण्या-मुंबईच्या ऑक्टोबरात दीड तास. मेक्सिको सिटी सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे आणि इथे हवेचा दाब कमी, त्यामुळे पीठ लवकर फुगतं. घड्याळ बघत बसाल तर ते उतून आंबट होईल, म्हणून पिठाच्या आकाराकडे बघा.

आता मुलांना बोलवा. साधारण एक किलो पीठ होतं. त्यातलं २०० ग्रॅम हाडांसाठी बाजूला काढा आणि त्यात २ मोठे चमचे मैदा आणखी मळा. हे विसरू नका. पहिल्या वर्षी मी विसरले, आणि ओव्हनमधून हाडांऐवजी गुळगुळीत बन बाहेर आले. कडक पिठाची हाडं आकार धरतात. उरलेल्या ८०० ग्रॅमचे आठ गोळे करून ताटात लांब लांब ठेवा. हाडांच्या पिठाचे आठ भाग करा, प्रत्येकातून दोन पट्ट्या आणि एक गोळी. पट्टी वळताना बोटं पसरून वळायची, म्हणजे बोटांखाली खोलगट आणि मधे फुगीर असे हाडासारखे सांधे उमटतात. गोळ्याला पाणी लावून दोन पट्ट्या एकमेकींवरून आडव्या चिकटवा, टोकं खाली दाबा, मधे गोळी ठेवा. पुन्हा ४५ मिनिटं फुगू द्या.

ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर १८ ते २० मिनिटं. वरचा रंग गडद सोनेरी झाला, उलटा करून ठोकल्यावर पोकळ आवाज आला की काढा. पाच मिनिटांनी वितळलेलं लोणी लावून साखरेत घोळवा. साखरेचं काम सगळ्यांत लहान मुलाचं, आमच्याकडे त्यावरून भांडणं होतात.

दोन पाव ओफ्रेंदासाठी आधी बाजूला काढून ठेवा, नाहीतर उरणार नाहीत.

भोपळा आणि चांपुर्रादो

'कालाबासा एन ताचा' म्हणजे गुळात शिजवलेला भोपळा. 'ताचा' हा गुऱ्हाळातल्या मोठ्या कढईसाठीचा शब्द. २ किलो लाल भोपळ्याचे सालीसकट मोठे तुकडे करा, ५०० ग्रॅम गूळ, २ दालचिनीच्या काड्या, ४ लवंगा, एका संत्र्याची साल आणि एक पेला पाणी घालून झाकण ठेवा. मंद आचेवर तासभर. ढवळू नका, तुकडे मोडतात, फक्त मधूनमधून पाक चमच्यानं वरून सोडा. गार झाल्यावर वाटीत घेऊन त्यावर थंड दूध ओततात. आमच्या मुलाला घारगे आवडत नाहीत, हा भोपळा मात्र तो मागून खातो. तुकडे आख्खे राहावेत म्हणून काही सुगरणी भोपळा आधी खायच्या चुन्याच्या निवळीत भिजवतात. नवख्यांनी त्यात पडू नये.

'चांपुर्रादो' हे या पावाबरोबर प्यायचं. मक्याच्या पिठाची, चॉकलेट घातलेली दाट गरम पेज म्हणा, आपल्या आंबिलीची लांबची बहीण. ६० ग्रॅम मासा पीठ पेलाभर गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. अर्धा लिटर पाण्यात १०० ग्रॅम गूळ आणि दालचिनीची काडी उकळा, पिठाचं पाणी गाळून त्यात घाला आणि दहा मिनिटं ढवळत शिजवा. मग २५० मिलिलिटर दूध आणि ९० ग्रॅम मेक्सिकन चॉकलेटची वडी घाला. ही वडी रवाळ असते आणि तिच्यात दालचिनी आधीच असते. भारतात डार्क चॉकलेट घ्या. मासा पीठ नसेल तर मक्याचं पिवळं बारीक पीठ कोरडंच खमंग भाजून घ्या आणि थोडं जास्त वेळ शिजवा. चव वेगळी येते, पण पिण्यासारखी नक्की होते.

फेस आणायला इथे 'मोलिनियो' असतो, लाकडी दांड्याला खाली कड्या असलेला, दोन्ही तळव्यांत धरून फिरवायचा. आमच्याकडे आईनं दिलेली ताकाची रवी आहे. आबुएलांनी ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि एक शब्दही न विचारता चांपुर्रादो घुसळायला लागल्या.

तामाले पहिल्या वर्षी विकतच आणा. मक्याच्या सालींत पीठ भरून वाफवायचं काम चार-पाच बायकांनी मिळून करायचं असतं. युकातानमध्ये या दिवसांना 'हानाल पिशान' म्हणतात, माया भाषेत 'आत्म्यांचं जेवण'. तिथे केळीच्या पानात गुंडाळलेला एक मोठाच्या मोठा तामाल जमिनीतल्या खड्ड्यात भाजतात. पातोळ्या, पानगी करणाऱ्या कोकणी माणसाला तो वास घरचा वाटतो. तिकडे जायचा योग आला तर चुकवू नका.

मांडणी

३१ तारखेच्या संध्याकाळी टेबलावर एक पांढरी चादर घाला, त्यावर खोकी ठेवून दोन-तीन पायऱ्या करा. वर फोटो. खाली पाण्याचा पेला, मिठाची वाटी, कवट्या, पाव, भोपळा आणि प्रत्येकाच्या आवडीचा पदार्थ. टेबलाच्या कडेला 'पापेल पिकादो' लावतात, म्हणजे रंगीत कागदाच्या कातरकामाच्या माळा. मुलांनी झेंडूच्या पाकळ्या तोडून दारापासून ओफ्रेंदापर्यंत वाट करायची. घरी येणाऱ्याला वास आणि रंग यावरून रस्ता सापडतो म्हणतात. २०२४ मध्ये दिवाळी आणि हा सण एकाच आठवड्यात आले. आमच्याकडे कागदाच्या माळांच्या वर आकाशकंदील होता आणि पाकळ्यांच्या वाटेला दोन्ही बाजूंनी पणत्या.

१ तारखेसाठी लहान मुलांचा खाऊ, म्हणजे दूध, गोड पाव, वडी, बिनतिखटाचं जेवण. मोठ्यांचं तिखट-मिठाचं २ तारखेला. मेणबत्त्या खोलगट काचेच्या पेल्यात लावा, कागदापासून लांब, आणि झोपताना विझवा. शिजवलेले पदार्थ ओफ्रेंदावर अगदी छोट्या वाटीत ठेवा. येणारी माणसं पदार्थांचा वास आणि चव घेऊन जातात, मागे उरतं ते घरच्यांनी खायचं अशी रीत आहे. पण दूध, मांस, भात दोन तासांवर बाहेर राहिलं तर ते खाऊ नका. मुलांसाठीचा वाटा आधीच फ्रिजमध्ये ठेवलेला असू द्या. पाव, वड्या, फळं यांची काळजी नाही.

एक गोष्ट मोठ्यांनी करायची. जेवायला बसताना प्रत्येक पदार्थ कुणाचा ते सांगायचं. "हा चहा पणजीचा, ती त्यात खारी बुडवायची आणि खारी तुटली की चमच्यानं शोधायची." एवढंच. भाषण नको. मुलं पुढचं विचारतात. कुणी रडलं तर रडू द्यावं. माझ्या आईनं व्हिडिओ कॉलवर आमची ओफ्रेंदा पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिला बाबांचा फोटो झेंडूत आणि शेजारी कवट्या, हे पाहवलं नाही, तिनं फोन ठेवला. दुसऱ्या वर्षी तिनंच भडंगाचं पाकीट पाठवलं, वर मराठीत लिहून: यांच्यासाठी.

दारावरची मुलं, आणि ३ तारीख

सणाच्या दिवसांत रात्री मेक्सिको सिटीत पोरं डबा किंवा छोटी बादली घेऊन दारोदार येतात आणि "मे दा मी कालाबेरिता?" म्हणतात, माझी कवटी देता का? दाराशी गोळ्या-चॉकलेटांचा वाडगा तयार ठेवा. आम्ही त्यात राजगिऱ्याच्या छोट्या वड्या कागदात गुंडाळून ठेवतो. शेंगदाणे न घातलेल्याच, कारण कुणाच्या मुलाला काय चालत नाही ते आपल्याला माहीत नसतं.

शेजारी कुणी त्यांच्या ओफ्रेंदावरचा पाव आणून दिला तर नाही म्हणू नका आणि ताटली रिकामी परत करू नका. आम्ही त्यात शंकरपाळी घालतो.

३ तारखेला मांडणी उतरवताना फोटो आधी काढा, मुलांच्या हातांनी. झेंडू कुंडीत चुरडा, त्यातलं काही बी पुढच्या पावसाळ्यात उगवतं. उरलेला पाव दुसऱ्या दिवशी कडक होतो, तो कापून लोण्यावर भाजा आणि चांपुर्रादोत बुडवून खा. साखरेच्या कवट्या टिश्यू कागदात गुंडाळून, हवाबंद डब्यात तांदळाची छोटी पुरचुंडी घालून ठेवल्या तर वर्षभर टिकतात. डब्यावर साल लिहून ठेवा. आमच्या जुन्यात जुन्या डब्यात मुलीनं पाचव्या वर्षी रंगवलेली कवटी आहे. कपाळावर 'आजोबा' लिहिलंय, त्यातला 'ज' उलटा.